पुढच्या एक्सलचं वजन

अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सेंट जॉन्सबरीपासून थोड्या अंतरावर, डोंगरउतारावर एक गाव आहे. त्या गावात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. अर्ध्या गावाला त्यांनीच पाढे आणि अपूर्णांक शिकवलेले, त्यामुळे केस पिकलेली माणसंही त्यांना बाईच म्हणायची. आपणही बाईच म्हणू.

बाईंचं घर रस्त्यापासून आत, थोड्या चढावर होतं. रस्त्यापासून अंगणापर्यंत साठ मीटरची खडीची वाट. हिवाळ्यात सार्वजनिक रस्त्यावरचा बर्फ गावाचे ट्रक काढतात, पण खासगी वाट ज्याची त्याने मोकळी करायची. वर हे ट्रक जाता जाता प्रत्येकाच्या वाटेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जातात, तोही ज्याचा त्यानेच फोडायचा. साठ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाटेवर फूटभर बर्फ पडला की चोपन्न घनमीटर होतो. बर्फ कोरडा, भुसभुशीत असेल तर त्याचं वजन पाच टनांच्या आसपास भरतं. मार्चमधला ओला बर्फ त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट. आणि असं एका हिवाळ्यात एकदाच होत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही कटकट नव्हती. तेव्हा त्या भागात बर्फ काढतच नसत, दाबत असत. लाकडाचे मोठमोठे रूळ घोड्यांकडून ओढवून रस्त्यावरचा बर्फ घट्ट करायचा आणि त्यावरून घसरगाड्या पळवायच्या. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर बर्फ पडत नाही म्हणून तिथे माणसं लावून फावड्याने बर्फ पसरावा लागे! मोटारी आल्या आणि बर्फ शत्रू झाला.

बाईंची वाट इतकी वर्षं एक शेजारी ट्रॅक्टरने करून द्यायचा. एका ऑक्टोबरात त्याने घर विकलं आणि तो फ्लोरिडाला राहायला गेला. उत्तरेकडच्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा हा शेवटून दुसरा प्रवास असतो. फावडं हातात घ्यायला बाईंना डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात ओझं उचललं की रक्तदाब चढतो आणि हृदयाला दोन्हींकडून मार बसतो. दर हिवाळ्यात तिकडे फावडं मारता मारता माणसं कोसळतात, हे बाईंनाही ठाऊक होतं.

कोठारात त्यांच्या यजमानांची जीप उभी होती. १९८४ ची सीजे-७. सहा सिलिंडरचं ४.२ लिटरचं इंजिन, हाताने टाकायचे गिअर आणि चारही चाकांना ताकद द्यायला शेजारी दुसरा छोटा दांडा. तोंडवळा आपल्याकडच्या वाचकालाही लगेच ओळखू येईल असा, कारण दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या विलीज जीपपासून ही गाडी उतरली, त्याच विलीजपासून मुंबईत महिंद्रांची जीपही उतरली. यजमानांनी ती हौसेने सांभाळली होती. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ते तिला कोठाराबाहेर काढत नसत. ते गेल्यावरही बाई महिन्यातून एकदा ती सुरू करून अंगणात फिरवायच्या.

या जीपला पुढे बर्फ ढकलायचं पातं, म्हणजे प्लाऊ, बसवावा का, हा प्रश्न बाईंनी गावातल्या दुकानात सहज बोलून दाखवला. दुकानात कॉफी प्यायला बसणाऱ्यांना तेवढं पुरलं. एकजण म्हणाला, चारही चाकं ओढणारी गाडी आहे, डोंगर ढकलेल. दुसरा म्हणाला, चाळीशीच्या गाडीला प्लाऊ लावणं म्हणजे तिचा जीव घेणं. तिसऱ्याने सांगितलं की जुन्या गाड्यांचं लोखंड आतापेक्षा जाड असायचं. चौथ्याचं म्हणणं, जुनं लोखंड म्हणजे जुना गंज. तास उलटून गेला तरी गाडीखाली वाकून बघावं असं कुणाला सुचलं नाही.

त्याच दुकानात एक सुतार होता, तिशीतला, बाईंचाच विद्यार्थी. हिवाळ्यात सुतारकाम मंदावतं, घरात लहान मूल, तेलाच्या शेगडीचं बिल दर महिन्याला ठरलेलं. त्याच्याकडे २००३ चा फोर बाय फोर पिकअप होता आणि त्यालाही प्लाऊ बसवून हिवाळाभर लोकांच्या वाटा साफ करायच्या होत्या. तो म्हणाला, "बाई, कशाला त्या जीपला त्रास देता? तुमची वाट मी करीन. इतरांपेक्षा कमी पैशात."

"आत्तापर्यंत किती घरं घेतलीस?" बाईंनी विचारलं.

"अकरा. तुमचं बारावं."

"आधी मेकॅनिकला विचारू," बाई म्हणाल्या.

गावाबाहेरच्या गॅरेजात दोघं एकाच दिवशी गेले. मेकॅनिक साठीचा, मितभाषी. हो-नाही काही न बोलता त्याने जीप वर उचलली आणि एक छोटी हातोडी घेऊन खाली शिरला. चासी पुढून मागे ठोकत गेला. निकोप लोखंड खणकन वाजतं, गंजाने पोखरलेलं बद्द वाजतं. या जीपची चासी आतून पोकळ असते. चिखल आणि मीठ आत साचून ती आतल्या आत कुजते आणि वरून रंग शाबूत दिसतो, म्हणून डोळ्यांपेक्षा हातोडीवर भरवसा. नंतर त्याने पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, टाय रॉड बघितले, पुढच्या पाट्यांची कमान बघितली.

"चासी चांगली आहे," तो म्हणाला. "पाटे बसलेत. बॉल जॉइंट गेलेत. ऑल्टरनेटर साठएक अँपिअरचा आहे. प्लाऊ उचलताना त्याचा पंप क्षणभर दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, तेव्हा बॅटरी मोठी लागेल आणि वायर जाड. एवढं केलंत तर साडेसहा फुटांचा हलका प्लाऊ बसेल. पण फक्त तुमच्या वाटेपुरता."

मग पिकअप वर गेला. हा जीपहून थोराड, इंजिन दुप्पट ताकदीचं, वयाने एकोणीस वर्षांनी लहान. पण दर हिवाळ्यात मिठाच्या रस्त्यावर चाललेला. स्टेअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसतो तिथे हातोडीचा आवाज बदलला. मेकॅनिकने तीनदा ठोकून पाहिलं.

"इथे पातळ झालंय. आज तुटणार नाही. हलका प्लाऊ लाव, स्वतःचं घर कर, अजून तीन-चार कर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल थंड ठेवणारा कूलर बसव. आणि प्लाऊ घेण्याआधी दोघंही गाड्या काट्यावर नेऊन या. सगळी गाडी नव्हे, नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवायची. चालकाच्या दाराच्या चौकटीजवळ चिकटपट्टी असते, तिच्यावर पुढच्या एक्सलने किती वजन पेलायचं ते छापलेलं असतं. काट्याचा आकडा त्याच्याशी ताडून बघा."

सुताराने मान डोलावली. पण त्याला आधीच एक सौदा सापडला होता. कुणीतरी मोठ्या ट्रकवरचा आठ फुटांचा जुना प्लाऊ निम्म्या किमतीत विकत होता. तीनशे चाळीस किलोचा. रुंद पातं म्हणजे कमी फेऱ्या, कमी फेऱ्या म्हणजे जास्त घरं. हा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता.

उरलेला हिशेब बाईंनी गॅरेजातच एका बिलाच्या पाठीवर मांडला. शाळेच्या मैदानातला सीसॉ त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढला होता, तोच इथे कामाला आला. प्लाऊचं वजन पुढच्या चाकांवर नसतं, त्यांच्याही पुढे लोंबत असतं. म्हणून पुढचा एक्सल नुसतं प्लाऊचं वजन घेत नाही. प्लाऊ मागची चाकं जितकी वर उचलतो, तितकं वजनही पुढच्यावरच येतं. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.३७ मीटर. एकशेतीस किलोचा प्लाऊ पुढच्या एक्सलच्या मीटरभर पुढे टांगला, तर मागचा भाग पंचावन्न किलोंनी हलका होतो आणि पुढच्यावर एकशेतीस नव्हे, एकशेपंच्याऐंशी किलो पडतात. मागची चाकं हलकी झाली की ती बर्फात नुसती फिरतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी शेपूट फिरवते. उपाय साधा आहे. मागच्या चाकांच्याही मागे साठ किलो वाळूची पोती ठेवायची. त्यांनी मागचं गेलेलं वजन भरून निघतं आणि तोच सीसॉ उलटा चालून पुढच्या एक्सलवरचे पंधराएक किलो उतरतात. तेवढीच पोती सीटच्या मागे, गाडीच्या मध्यावर ठेवली तर नुसतं ओझं वाढतं, पुढच्याला आराम काहीच नाही.

"आता तुझं," म्हणून बाईंनी पिकअपचे आकडे मांडले. तीनशे चाळीस किलो, सव्वा मीटर पुढे, चाकांमधलं अंतर साडेतीन मीटर. "साडेचारशेच्या वर जातंय रे."

सुतार हसला. "बाई, ट्रकला गणित येत नाही."

"म्हणून तर त्याच्या वतीने कुणीतरी करायला हवं."

खडीच्या खाणीवर भुईकाटा होता, बाई तिथे जीप घेऊन गेल्या. गाडीसकट माल तोलणारा फलाटी काटा ज्याने घडवला तो थॅडियस फेअरबँक्स सेंट जॉन्सबरीचाच. १८३० च्या सुमारास, दोरखंडासाठी लागणाऱ्या हेम्पच्या गाड्या तोलता याव्यात म्हणून त्याने हे डोकं चालवलं आणि पुढे त्या लहानशा गावातून जगभर काटे गेले. त्या मुलखात वजन न करता गाडीला प्लाऊ लावणं म्हणजे नदीकाठी राहून पारोसं राहण्यासारखं, पण लोक राहतात. सुताराला काट्यावर जायला वेळ झाला नाही. त्याला अजून चार गिऱ्हाइकं मिळाली होती.

बाईंच्या जीपच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं, बॉल जॉइंट बदलले, मोठी बॅटरी आली. खर्च प्लाऊच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा झाला. दुकानातले लोक म्हणाले, एवढ्या पैशात तीन हिवाळे दुसऱ्याकडून वाट करून घेतली असती. हे खरं होतं आणि बाईंनी ते नाकारलं नाही. त्या म्हणाल्या, "पण मग पहाटे वाट बघत बसावं लागलं असतं." परावलंबनाची किंमत बाजारभावात मोजता येत नाही, हे त्यांचं मत. माझंही तेच आहे, पण इथे मतभेदाला जागा आहे.

पहिला बर्फ नोव्हेंबरात पडला. मेकॅनिकने सांगितलेली रीत बाईंनी कागदावर लिहून जीपच्या काचेला चिकटवली होती. बर्फ वीतभर साचला की निघायचं, फूटभर होईपर्यंत थांबायचं नाही. लो गिअर, चालण्याचा वेग. जमीन गोठली नसेल तोवर पात्याखालचे पाय थोडे लांब ठेवून पातं खडीच्या वर तरंगतं ठेवायचं, नाहीतर बर्फाबरोबर खडीही जाते आणि वसंतात ती गवतातून वेचावी लागते. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवायची. डिसेंबरातच कडेचे ढीग जितके मागे ढकलता येतील तितके ढकलून ठेवायचे, कारण जानेवारीत ते दगडासारखे गोठतात आणि वाट दर वादळागणिक अरुंद होत जाते. बर्फ रस्त्यापलीकडे ढकलायचा नाही. व्हर्मॉंटमध्ये त्याला कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी पलीकडे दुसऱ्याचं दार असतंच. काम झालं की पातं जमिनीवर टेकवून ठेवायचं, पाट्यांना विसावा.

पाऊण तासात वाट मोकळी व्हायची. खाली लपलेला दगड लागला की पात्याची खालची कड स्प्रिंगवर मागे दुमडायची आणि पुन्हा ताठ व्हायची. धक्का गाडीपर्यंत पोचायचा नाही. बाई जीप कोठारात नेऊन उभी करायच्या आणि वहीत तारीख लिहायच्या.

सुतार सोळा घरं करत होता. तो आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. एका एकट्या म्हाताऱ्याची वाट तो फुकट करायचा आणि कुणाला सांगायचा नाही. पण सोळा घरं एका रात्रीत करायची तर चालण्याच्या वेगाने कसं जमणार? तो धावत जाऊन ढिगाला धडकायचा, गाडी थांबते न थांबते तोच रिव्हर्स टाकायचा. गिअरबॉक्सच्या तेलाला करपल्याचा वास येऊ लागला. पुढच्या शॉक अब्सॉर्बरमधून तेल गळू लागलं. दर वेळी तो ठरवायचा, या वादळानंतर दाखवून आणू. दर वेळी पुढचं वादळ आधी यायचं. जानेवारीअखेर त्याने प्लाऊचे पैसे फेडले आणि मुलासाठी बर्फाचे बूट घेतले. दुकानातल्या लोकांनी त्याचं कौतुक केलं आणि बाईंना चिडवलं, "बघा, त्याच्या गाडीला काही झालं का?"

मार्चचा पहिला मंगळवार व्हर्मॉंटमध्ये गावसभेचा. गावातले लोक एकत्र बसून रस्त्यांचा, बर्फाचा, शाळेचा खर्च हात वर करून मंजूर करतात. त्या वर्षी आदल्या रात्री ओला, जड बर्फ सुरू झाला आणि पहाटेपर्यंत चाळीस सेंटिमीटर पडला. त्या बर्फाला फावडं लावलं की पाणी गळत होतं.

सुताराचं नववं घर होतं. रात्रीचे तीन वाजलेले. ढिगाला धडक दिली, पातं अडलं, त्याने स्टेअरिंग वळवलं आणि ते हातात मोकळं फिरलं. स्टेअरिंग बॉक्स चासीच्या पत्र्यासकट उपटून आला होता. जिथे हातोडीचा आवाज बदलला होता तिथूनच. गाडी वेगात नव्हती, रस्त्यावर नव्हती, म्हणून तो शाबूत राहिला. दोन मैल बर्फातून तो चालत घरी गेला.

पाच वाजल्यापासून बाईंचा फोन वाजू लागला. आठ घरांच्या वाटा बंद होत्या आणि गावात प्लाऊ असलेली दुसरी गाडी बाईंची, हे सगळ्यांना एकदम आठवलं. पहिला फोन आला तिथे एका माणसाला सकाळी आठला डायलिसिसला न्यायचं होतं. बाईंनी पातं वर घेतलं, तिरकं केलं, जीप रस्त्यावर काढली. ओला बर्फ एका दमात ढकलायला त्या गेल्या नाहीत. आधी पातं अर्ध्यावर ठेवून वरचा थर काढला, मग खालचा. तासभर लागला. शेवटच्या चढावर क्लच जळल्याचा वास आला. तो माणूस वेळेवर गेला.

बाई घरी पोचल्या तर दुकानदाराचा फोन. त्याच्या दुकानापुढचं आवार एवढं मोठं की बाईंच्या वाटेसारख्या चार वाटा त्यात मावतील. तो म्हणाला, "बाई, मी तुमचा विद्यार्थी. मला नाही म्हणणार?"

"म्हणणार," बाई म्हणाल्या.

त्याला राग आला. बाकीच्यांनाही आला. ज्या गाडीला कालपर्यंत खेळणं म्हणत होते, तिने गाव उपसावं अशी आज त्यांची अपेक्षा होती. बाईंनी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वही उघडली आणि फोन लावायला सुरुवात केली. वरच्या अंगाला गवळ्याकडे बादलीवाला मोठा ट्रॅक्टर होता. सकाळचं दूध काढून झालं की तो मोकळा. मेपलचा रस आटवणाऱ्याकडे लहान ट्रॅक्टर होता. थंडी असल्यामुळे झाडांचा रस त्या दिवशी थांबला होता, म्हणून तोही मोकळा. शाळेच्या शिपायाकडे हाताने ढकलायचं बर्फ उडवणारं यंत्र होतं, एका अरुंद वाटेला तेवढं पुरेसं. कुणाकडे काय आहे आणि त्यावर किती घालता येईल, हे बाईंनी एकेकाला विचारून लिहिलं. दुकानाचं आवार ट्रॅक्टरला, जवळजवळची तीन घरं मेपलवाल्याला, असं वाटत गेल्या. दुपारी बारापर्यंत सगळ्यांच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि गावसभा दोन तास उशिरा का होईना, भरली.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. सुतार मागच्या खुर्चीवर बसला होता. हिवाळाभराचे पैसे त्याने बऱ्याच जणांकडून आगाऊ घेतलेले, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कुरकुर सुरू झाली. मार्च आणि अर्धा एप्रिल बाकी, आमचे पैसे कुठे गेले? बाई हातातली बशी ठेवून उभ्या राहिल्या.

"त्याने आपल्याकडून किती घेतले हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्याकडे एकूण किती घरं होती, हे कुणाला ठाऊक होतं?"

कुणी बोललं नाही. प्रत्येकाला आपलं एक घर माहीत होतं.

दुकानदार म्हणाला, "ते त्याने बघायचं, बाई. आम्ही गिऱ्हाईक. त्याने कमी दर सांगितला, आम्ही दिला."

"त्याने बघायचंच होतं," भिंतीला टेकून उभा असलेला मेकॅनिक म्हणाला. "मी ऑक्टोबरात त्याला सांगितलं होतं. तीन-चार घरं, जास्त नाही."

सुतार उभा राहिला. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण तीन-चार घरांत शेगडीचं तेल येत नाही. कमी दर सांगितला म्हणून तुम्ही आलात, आणि कमी दर परवडायला सोळा घरं लागली."

यावर वाद झाला आणि तो कुणी जिंकला नाही. दर वाढवायला हवा होता असं काहींचं म्हणणं, घरं नाकारायला हवी होती असं काहींचं. गवळी म्हणाला, माझा ट्रॅक्टर सबंध हिवाळा गोठ्याशी उभा असतो, मला कुणी विचारलंच नाही. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, पण पुढच्या वर्षी विचारलं. सभेने रस्त्यांचा खर्च मंजूर केला आणि लोक घरी गेले.

पिकअपची चासी जोडण्याच्या पलीकडे गेली होती. भोकं पडलेल्या चासीची गाडी तिथल्या तपासणीत पास होत नाही. तो भंगारात गेला. आठ फुटांचा प्लाऊ मात्र धडधाकट होता, तो त्याला साजेशा मोठ्या ट्रकवाल्याने विकत घेतला. त्या पैशांतून सुताराने आगाऊ घेतलेल्यांचे थोडेथोडे परत केले. एप्रिलमध्ये एक सोडून सगळे त्याच्याशी पूर्वीसारखे बोलत होते. तो एक कोण, हे सांगायची गरज नाही.

जीपची क्लचप्लेट बदलावी लागली. बाईंच्या स्वतःच्या वाटेवर ती अजून बरीच वर्षं चालली असती. ती गेली त्या एका जादा वाटेवर, ओल्या बर्फात. डायलिसिसवाल्या घराने सगळा खर्च देऊ केला. बाईंनी निम्मा घेतला.

पुढच्या ऑक्टोबरात सुताराने दुसरी गाडी आणली, आधीच्या पिकअपपेक्षा सहा वर्षांनी जुनी, पण मोठ्या वर्गाची, जाड एक्सलची, दक्षिणेकडच्या कोरड्या राज्यातून आलेली. मेकॅनिकने हातोडीने तपासली. मग ती काट्यावर गेली, आधी प्लाऊशिवाय, नंतर प्लाऊ टांगून आणि मागे पोती ठेवून. त्याने घरं घेतली आठ, दर वाढवला तिपटीच्या जवळ. दोन गिऱ्हाइकं दर ऐकून सोडून गेली. उरलेली घरं गवळी आणि मेपलवाला यांनी वाटून घेतली.

त्या गॅरेजात आता जुनी फोर बाय फोर घेऊन कुणी आलं आणि प्लाऊ बसेल का म्हणून विचारलं, तर मेकॅनिक गाडीचं वय विचारत नाही. पुढच्या एक्सलची काट्यावरची पावती मागतो आणि किती घरं करणार ते विचारतो. पावती नसेल तर तो प्लाऊ बसवत नाही.